नायगराकाठचं १८१२ चं युद्ध : सैनिक, गावकरी आणि ज्यांना तहाला बोलावलंच नाही ते

नदीकाठ

गेली पंधरा वर्षं ऑन्टारिओत राहतेय. भारतातून कोणी आलं की नायगरा ठरलेला. भिजायचं, फोटो काढायचे, परत. या वेळी आई-बाबा आले होते. बाबांच्या गुडघ्यांना गर्दी झेपत नाही म्हणून धबधब्यावरून निघून नदीच्या कडेकडेनं गाडी उत्तरेला घेतली. दहा-अकरा किलोमीटरवर क्वीन्स्टन हाइट्स लागतं. इथे नदीकाठचा कडा एकदम उठतो. वर ब्रिटिश सेनापती जनरल आयझॅक ब्रॉकचा ५६ मीटर उंच स्तंभ आहे, आत २३५ पायऱ्या. जिना इतका अरुंद की समोरून कोणी उतरत असेल तर भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं.

मी वर जाऊन आले. खाली बाबा जवळच्याच एका दुसऱ्या स्मारकापाशी थांबले होते. तिथे प्रवेशालाच दोन ब्राँझचे पुतळे आहेत. ते म्हणाले, "वरचा साहेब कळला. हे दोघं कोण?"

मला सांगता आलं नाही. पंधरा वर्षं इथे राहून, पोरांच्या शाळेचा इतिहासाचा अभ्यास घेऊनही. त्यानंतर जे वाचलं त्यातून हा धागा.

ते दोघं म्हणजे जॉन नॉर्टन आणि जॉन ब्रँट. नॉर्टनचे वडील चेरोकी, आई स्कॉटिश. मोहॉक लोकांनी त्याला आपल्यात घेतलं, तेयोनिन्होकारावेन हे नाव दिलं. ब्रँट हा प्रसिद्ध मोहॉक पुढारी जोसेफ ब्रँट यांचा मुलगा, लढाईच्या वेळी वय १८. दोघंही ग्रँड नदीकाठच्या 'सिक्स नेशन्स'चे. मोहॉक, ओनायडा, ऑनोंडागा, कायुगा, सेनेका, टस्करोरा या सहा राष्ट्रांचा हा संघ. ते स्वतःला हॉडेनोशोनी म्हणवतात, म्हणजे लांब घरातले लोक.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. अमेरिकेनं १८ जून १८१२ ला ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. ब्रिटिश आरमार अमेरिकन जहाजांवरचे खलाशी पकडून नेत होतं, व्यापाराची नाकेबंदी होती आणि अमेरिकेला पश्चिमेकडच्या जमिनीची भूक होती. ब्रिटन नेपोलियनच्या मागे गुंतलेलं. अप्पर कॅनडात (ब्रिटिश वसाहत, आजचा दक्षिण ऑन्टारिओ) जेमतेम पाऊण लाख वस्ती, समोर अमेरिका पाऊण कोटीची. त्यातही इथले बरेचसे शेतकरी अमेरिकेतूनच जमिनीसाठी आलेले. ते आपल्या बाजूने लढतील याची ब्रॉकलाच खात्री नव्हती.

आता १३ ऑक्टोबर १८१२. पहाटेच्या अंधारात अमेरिकन फौज समोरच्या लुइस्टनहून होड्यांनी नदी ओलांडायला लागली. तिथे उभं राहिलं की कळतं, नदी रुंद नाही पण ओढ जबरदस्त आहे. कॅप्टन वूलची तुकडी मासेमारांच्या पायवाटेनं कडा चढली आणि तोफ ताब्यात घेतली. ती परत घ्यायला ब्रॉक स्वतः माणसं घेऊन चढावर धावला आणि छातीत गोळी लागून पडला. सकाळीच. शाळेत शिकवतात ते इथपर्यंत.

पण कडा अजून अमेरिकनांकडेच होता. ब्रिटिशांची मुख्य फौज जनरल शेफबरोबर फोर्ट जॉर्जहून यायची होती. मधले काही तास कोणी सांभाळले? नॉर्टन आणि त्याचे लढवय्ये. निघाले तेव्हा दीडशेच्या वर होते. वाटेत पळून येणारे मिलिशियावाले (गावकऱ्यांतून उभारलेले स्थानिक शिपाई) भेटले, त्यांनी सहा हजार अमेरिकन आल्याची आवई उठवली. बरेच जण घरच्यांची काळजी करत मागे फिरले. उरले साधारण ८०. ते सरळ चढावर गेले नाहीत. लांबून वळसा घालून कड्याच्या पाठीवर चढले आणि झाडीतून वरून खाली हल्ले सुरू केले. मारायचं, झाडीत शिरायचं, दुसरीकडून निघायचं. अमेरिकनांना समोर किती माणसं आहेत याचा अंदाजच येईना. त्यांच्या आरोळ्या नदीपलीकडे ऐकू जात होत्या, आणि मेलेल्या-जखमींनी भरलेल्या होड्या परत येताना दिसत होत्या. न्यूयॉर्कच्या मिलिशियानं पाय रोवले. आम्ही देशाच्या रक्षणासाठी आहोत, हद्द ओलांडायला बांधील नाही, असं म्हणून ते नदी ओलांडेनात. दुपारी शेफ आला आणि सुमारे ९०० अमेरिकन कैद झाले.

त्याच फौजेत कॅप्टन रंचीची कृष्णवर्णीय सैनिकांची तुकडीही होती. अशी तुकडी उभारावी म्हणून अर्ज करणाऱ्याचं नाव रिचर्ड पियरपॉइंट. सेनेगलमधल्या बोंडूचा, पोरवयात गुलाम म्हणून विकला गेलेला, तेव्हा साठी उलटलेला. युद्धानंतर १८२१ मध्ये त्यानं सरकारकडे एकच मागणी केली, मला माझ्या गावी परत पाठवा. त्याला जंगलातली १०० एकर जमीन देण्यात आली. तो परत जाऊ शकला नाही.

ब्रॉकचा स्तंभ १८५० च्या दशकातला (त्याआधीचा एक सुरुंगानं उडवला होता). नॉर्टन-ब्रँटचं स्मारक २०१६ चं. दोन्ही एकाच टेकडीवर आहेत, मधे दीडशे वर्षांहून जास्त अंतर. मला याबद्दल बोलायचं आहे. ज्यांनी ही सरहद्द राखली त्यांना त्या सरहद्दीत काय मिळालं?

गडवाट

उत्तम धागा. पु.भा.प्र. (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत) म्हणणार होतो, पण प्रश्न आधी विचारतो. इंग्रजांच्या बाजूने हे लोक का लढले? इंग्रजांचा आपला अनुभव पाहता कोणी मनापासून त्यांच्या बाजूने गेलं असेल हे पटत नाही.

नदीकाठ

गडवाट, इंग्रजांसाठी नाही लढले. जमिनीसाठी लढले. त्या घडीला अमेरिकन वसाहतवाले जास्त वेगानं येत होते, एवढंच.

१८०९ चा फोर्ट वेनचा करार घ्या. अमेरिकेनं काही मोजक्या प्रमुखांच्या सह्या घेऊन आजच्या इंडियाना-इलिनॉयमधली जवळजवळ ३० लाख एकर जमीन घेतली. शॉनी पुढारी टेकुम्सेचं म्हणणं असं की ही जमीन सगळ्यांची आहे, एका टोळीला ती विकायचा हक्कच नाही. आपल्याकडे गावचं गायरान एकट्या पाटलानं परस्पर विकलं तर गाव काय म्हणेल, तसं. त्यानं आणि त्याच्या भावानं अनेक राष्ट्रांची एकजूट उभारली. टेकुम्से दक्षिणेत माणसं जोडायला गेला असताना नोव्हेंबर १८११ मध्ये टिपेकनूला लढाई झाली आणि अमेरिकनांनी त्यांचं गाव जाळलं. युद्ध सुरू झालं तेव्हा टेकुम्सेचं युद्ध आधीच सुरू होतं.

आणि ग्रँड नदीवाल्यांची गोष्ट आणखी वेगळी. अमेरिकन क्रांतीत ब्रिटिशांच्या बाजूने लढल्यामुळे त्यांची न्यूयॉर्कमधली घरं गेली. बदल्यात १७८४ मध्ये गव्हर्नर हॅल्डिमंडनं ग्रँड नदीच्या दोन्ही तीरांना सहा-सहा मैल जमीन दिली. ती जायला नको, या भीतीनंही लढले. बरेच जण सुरुवातीला तटस्थच होते. दुसऱ्यांच्या भांडणात पुन्हा आपली पोरं कशाला, हा विचार तिथल्या वडीलधाऱ्यांत होताच.

कोयरी

एक शंका. 'मूलनिवासी' म्हणावं की 'आदिवासी'? लहानपणी आम्ही सरसकट 'रेड इंडियन' वाचलंय. तुम्ही ते नाव टाळलंत हे जाणवलं.

नदीकाठ

हो, मुद्दाम टाळलं. मराठीत या दोन्ही शब्दांना आपल्याकडचे संदर्भ चिकटलेले आहेत, म्हणून शक्य तिथे मी राष्ट्राचंच नाव घेते. मोहॉक, शॉनी, सेनेका. तेही स्वतःची ओळख आधी तशीच सांगतात. सगळ्यांना मिळून म्हणायचं तर मूलनिवासी.

शिरीषफूल

लॉरा सेकॉर्डबद्दल लिहा ना! इथे तिच्या नावाची चॉकलेटं मिळतात, त्यापलीकडे काही माहीत नाही. रात्रीबेरात्री जंगलातून चालत गेली म्हणतात. मला आपली हिरकणीच आठवली.

नदीकाठ

हिरकणी मलाही आठवली, पण ही दिवसाउजेडी गेली गं. २२ जून १८१३. तेव्हा क्वीन्स्टन अमेरिकनांच्या ताब्यात होतं. नवरा जेम्स क्वीन्स्टनच्या लढाईत जखमी झालेला, अजून घरातच पडून. पुढच्या ब्रिटिश ठाण्यावर अमेरिकन छापा घालणार आहेत हे तिला कळलं. भल्या पहाटे निघाली. पहारे चुकवायचे म्हणून आडवाटेनं, दलदल आणि झाडीतून ३० किलोमीटरच्या आसपास. जूनचा उकाडा. ओढा पडलेल्या झाडावरून ओलांडला. संध्याकाळी अंधारून येताना समोर मोहॉक लोकांचा तळ. ती घाबरली हे तिनंच नंतर सांगितलंय. खुणांनी, मोडक्यातोडक्या बोलण्यानं आपलं काम समजावलं, आणि त्यांच्याच एका प्रमुखानं तिला त्या ब्रिटिश ठाण्यावरच्या लेफ्टनंट फिट्झगिबनपर्यंत पोचवलं. गाय हाकत गेली वगैरे मागाहून जोडलेलं आहे.

आणि ही 'देशभक्त कॅनेडियन' बाई जन्मली होती मॅसॅच्युसेट्समध्ये! त्या काळच्या सरहद्दीची ही गंमत नव्हे, हेच तर दुखणं होतं. अर्ध्या घरांचे नातेवाईक पलीकडे.

दोन दिवसांनी, २४ जूनला बीव्हर डॅम्सची लढाई झाली. झाडीतून अमेरिकन तुकडीवर तुटून पडले ते मॉन्ट्रियलजवळच्या कानावाके वगैरे गावांतून आलेले ३०० च्या आसपास लढवय्ये आणि १०० एक मोहॉक. फिट्झगिबन आपले पन्नासेक शिपाई घेऊन आला तो शेवटी, शरणागती घ्यायला. शरण या नाहीतर या लोकांना मी आवरू शकणार नाही, अशी भीती घालून त्यानं साडेचारशेच्या वर माणसं कैद केली. लढाई मूलनिवासींनीच जिंकली हे त्यानं स्वतः प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. तरी नाव त्याचंच झालं. लॉराला तर १८६० पर्यंत कोणी विचारलं नाही. त्या वर्षी इंग्लंडचा युवराज आला, त्याच्या कानावर तिची गोष्ट गेली आणि त्यानं १०० पौंड पाठवले. तेव्हा ती ८५ वर्षांची होती.

खडकवासी

धागा आवडला, पण थोडं खटकलं म्हणून लिहितो. आपण त्यांना फार उजळ रंगवतो आहोत का? रिव्हर रेझिनला जखमी कैद्यांची कत्तल झाली होती. अमेरिकेत ती विसरलेली नाही.

नदीकाठ

खडकवासी, बरोबर आहे, आणि ते झाकायचं नाही. जानेवारी १८१३, आजच्या मिशिगनमध्ये. लढाई संपल्यावर ब्रिटिश जनरल प्रॉक्टर आपली फौज घेऊन निघून गेला आणि अमेरिकन जखमींना जवळजवळ पहाऱ्याविना मागे ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लढवय्यांनी त्यातल्या अनेकांना मारलं, घरं पेटवली. टेकुम्से तेव्हा तिथे नव्हता. मारणाऱ्यांचा दोष आहेच. पण जखमींना सोडून गेलेल्या प्रॉक्टरचा दोष मला तितकाच मोठा वाटतो.

त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला मोरेव्हियनटाउनला टेकुम्से पडला. प्रॉक्टर लढाईतून निघून गेला, टेकुम्से थांबला. दुसऱ्या दिवशी अमेरिकनांनी ते गाव जाळलं. ते गाव कोणाचं? ख्रिस्ती झालेल्या, शस्त्र न धरणाऱ्या लेनापी लोकांचं. त्यांनी दोन्हीकडच्या कोणाचंच काही बिघडवलं नव्हतं.

पैलतीर

मी बफेलोजवळ राहते, म्हणजे नदीकाठच्या अगदी समोर. आमच्या काठाचंही सांगते.

१० डिसेंबर १८१३ ला माघार घेताना अमेरिकन जनरल मॅक्लूरनं कॅनडातलं न्यूअर्क (आजचं नायगरा-ऑन-द-लेक) जाळलं. लोकांना सामान काढायलाही पुरेसा वेळ दिला नाही. बर्फ पडलेलं. साधारण ४०० माणसं, त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी, कारण पुरुष एकतर फौजेत नाहीतर कैदेत. डिक्सन वकिलांच्या आजारी बायकोला पलंगासकट बाहेर आणून बर्फात ठेवलं आणि तिच्या डोळ्यांदेखत घर पेटलं, असं सांगतात. जाळणाऱ्यांत जोसेफ विल्कॉक्सचे लोकही होते. हा विल्कॉक्स अप्पर कॅनडाच्या विधानसभेतला निवडून आलेला सदस्य, फितूर होऊन अमेरिकेकडे गेलेला. म्हणजे गावकऱ्यांना आग लावणारे काही हात ओळखीचे होते.

त्याचा सूड आमच्या काठानं भोगला. १९ डिसेंबरला पहाटे ब्रिटिशांनी फोर्ट नायगरा संगिनींनी घेतला आणि लुइस्टन पेटवलं. गावातली माणसं बर्फातून पळत सुटली. तेव्हा वरच्या टेकडीवरच्या टस्करोरा गावातले थोडेसे पुरुष धावत खाली आले. आरोळ्या ठोकत, आपण खूप जण आहोत असं भासवत त्यांनी पाठलाग थोपवला आणि गावकऱ्यांना निसटायला वेळ मिळवून दिला. मग त्यांचं स्वतःचं गाव जळालं. लुइस्टनमध्ये २०१३ मध्ये, बरोबर २०० वर्षांनी, त्यांचं स्मारक झालं. त्यात टस्करोरा पुरुष एका आईला आणि लेकराला वाचवताहेत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ तिथून हलता आलं नाही.

३० डिसेंबरला बफेलो जाळलं. सॅली लव्हजॉय नावाची बाई घर सोडेना, सामान लुटणाऱ्यांशी भांडली, आणि तिथेच मारली गेली. समोरच राहणाऱ्या मार्गारेट सेंट जॉन या विधवेनं गयावया करून आपलं घर वाचवलं. बफेलोत उभ्या राहिलेल्या मोजक्या घरांपैकी ते एक.

दर्यासारंग

थोडं अवांतर. याच युद्धात अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिलं गेलं ना? ते मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेल्या 'मिंडेन' जहाजावर लिहिलं असं ऐकलंय.

गडवाट

दर्यासारंग, ही गोष्ट खूप फिरते. 'मिंडेन' मुंबईत १८१० मध्ये बांधलं गेलं हे खरं, आणि अभिमान वाटावा असंच काम ते. पण ते गीत लिहिणारा 'फ्रान्सिस स्कॉट की' त्या रात्री कैदी सोडवायला गेलेल्या अमेरिकन बोटीवर होता, 'मिंडेन'वर नाही. आपला खरा धागा दुसराच आहे. त्या गाण्यातले अग्निबाण विल्यम काँग्रीव्ह या इंग्रजाचे, आणि काँग्रीव्हनं ते म्हैसूरच्या बाणांवरून घेतले. श्रीरंगपट्टण १७९९ ला पडल्यावर तिथले बाण इंग्लंडला नेले होते.

नदीकाठ

दोघांचेही आभार, ही माहिती नवी होती. लंडीज लेनच्या लढाईतही (२५ जुलै १८१४, आजच्या नायगरा फॉल्स शहराच्या मधोमध) ब्रिटिशांकडे हे बाण होते.

पैलतीर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्यावरूनच या धाग्याचा माझ्या मते गाभा असलेली गोष्ट लिहिते.

हॉडेनोशोनी एकच संघ, पण ब्रिटन आणि अमेरिकेची हद्द त्यांच्या घरातून गेली. ग्रँड नदीवाले कॅनडात, तर सेनेका आणि बाकीचे बफेलो क्रीकला अमेरिकेत. सेनेकांचा वक्ता सागोयेवाथा, ज्याला इंग्रजीत रेड जॅकेट म्हणत, सुरुवातीला तटस्थ राहण्याच्या बाजूनं बोलत होता. पण युद्ध दाराशी आलं, नदीतलं ग्रँड आयलंड त्यांचं होतं, ते ब्रिटिश घेणार अशी हाकाटी झाली, आणि १८१३ पर्यंत तेही अमेरिकेच्या बाजूनं उतरले.

५ जुलै १८१४, चिपावा. धबधब्यापासून थोडंसंच वर. मोकळ्या मैदानात लाल कोट (ब्रिटिश) आणि करडे कोट (अमेरिकन) समोरासमोर उभे राहिले, त्याचीच चित्रं निघाली. बाजूच्या जंगलात मात्र एका बाजूला अमेरिकन जनरल पोर्टरच्या हाताखालचे सेनेका आणि त्यांचे भाऊबंद, दुसऱ्या बाजूला नॉर्टनबरोबरचे लढवय्ये आणि कॅनडाचा मिलिशिया. झाडामागून झाडामागे, हाताला हात लागेल इतक्या जवळून. तीच भाषा, तीच कुळं. कासव कुळाचा माणूस समोरच्या कासव कुळाच्या माणसावर कुऱ्हाड उगारतोय. त्यांच्या रिवाजात एका कुळातली माणसं भावंडं असतात, राष्ट्र कुठलंही असो.

लढाईनंतर मेलेले पाहिले तेव्हा रेड जॅकेटनं ठरवलं की बस्स. त्यानं ग्रँड नदीला दूत पाठवले, तुम्हीही मागे व्हा, आम्हीही होतो. आणि दोन्हीकडचे बहुतेक जण युद्धातून बाजूला झाले. लंडनला आणि वॉशिंग्टनला ही अक्कल यायला अजून पाच महिने लागायचे होते.

खडकवासी

हे माहीत नव्हतं. मग तहात त्यांना काय मिळालं? तुमचा मूळ प्रश्न तोच होता.

नदीकाठ

२४ डिसेंबर १८१४, बेल्जियममधलं घेंट. वाटाघाटींत ब्रिटननं आधी मागणी केली की अमेरिकेच्या पश्चिमेला मूलनिवासींचा स्वतंत्र मुलूख ठेवा. टेकुम्सेचं स्वप्न जवळजवळ तेच होतं. अमेरिकेनं नाही म्हटलं, ब्रिटननं मागणी सोडली. शेवटी नवव्या कलमात एवढंच आलं की १८११ मध्ये त्यांचे जे हक्क होते ते परत द्यावेत. ते कधी अमलात आलं नाही. जिथे हे लिहिलं गेलं त्या टेबलावर त्यांचा एकही माणूस नव्हता. सरहद्द जिथे होती तिथेच राहिली. सेनेकांनी ज्या ग्रँड आयलंडसाठी शस्त्र धरलं ते १८१५ मध्येच न्यूयॉर्क राज्याकडे गेलं. ग्रँड नदीकाठची साडेनऊ लाख एकरांची देणगी आज सुमारे ४६ हजार एकरांवर आली आहे. २००६ मध्ये कॅलिडोनियात यावरूनच रस्ते अडले होते, तेव्हा मी बातम्यांत ते नुसतं वाहतुकीची अडचण म्हणून पाहिलं होतं. आज तसं पाहू शकणार नाही.

पैलतीर

यात एक जोडते. ब्रिटन-अमेरिकेतल्या १७९४ च्या 'जे' (Jay) कराराप्रमाणे मूलनिवासींना ही हद्द मोकळेपणानं ओलांडायचा हक्क आहे. तो विसरला जाऊ नये म्हणून दर जुलैमध्ये नायगराच्या पुलावरून ते मिरवणुकीनं हद्द ओलांडतात. क्लिंटन रिकार्ड या टस्करोरा पुढाऱ्यानं १९२६ मध्ये ज्या संघटनेचा पाया घातला, तिचं हे काम. पुढच्या जुलैत आलात तर त्या दिवशी आई-बाबांना घेऊन या. पुलाच्या माझ्या बाजूला मी उभी असेन.

नदीकाठ

नक्की येऊ.

काल बाबांना फोनवर चिपावाची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग ते दोन्हीकडचे परत भेटले का गं कधी?"

भेटले. १८१५ साली, इथेच नायगराला, परिषदेत. त्यांच्यात दुखवट्याचा एक विधी आहे. बोलणी सुरू करण्याआधी समोरच्याचं दुःख उतरवायचं. एकजण उभा राहून म्हणतो, मऊ कातड्यानं मी तुझे डोळे पुसतो, म्हणजे तुला पुन्हा दिसेल. तुझे कान मोकळे करतो, म्हणजे तुला ऐकू येईल. तुझ्या घशात दाटलेलं काढतो, म्हणजे तुला बोलता येईल. मग समोरचा उठतो आणि तेच याच्यासाठी करतो.

बाबांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि आईला बोलावून तिलाही ऐकवलं.